तिसऱ्या गिअरमधले आप्पा

गाडी केवढीही असो, कुणाचीही असो, आप्पा आधी तिच्या बॉनेटवर तळहात ठेवायचे. डोळे मिटायचे, मान जराशी कलती करायचे आणि म्हणायचे, "थांबा. आधी ऐकू द्या."

गाडीवाला बिचारा आपलं गाऱ्हाणं सांगत असायचा. चढाला ओढत नाही, ॲव्हरेज पडलंय, साडूच्या गाडीनं परवा मागं टाकलं. तो मधेच गप्प व्हायचा. मग सगळे आप्पांच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे, घरात कुणी आजारी असलं की डॉक्टरांच्या तोंडाकडे बघतात तसे. लोक बघतायत हे आप्पांना मिटल्या डोळ्यांनीही कळायचं. त्यामुळे ते डोळे जरा जास्तच वेळ मिटून ठेवायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हातात कसब असतं, आणि ते चार लोकांनी बघावं अशी हौसही असते. मी आप्पांना रोज बघायचे. शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, न्हावऱ्याच्या अलीकडे एक लांब पत्र्याची शेड आहे. तिच्यात एका टोकाला चहावाला, मधे आप्पा आणि दुसऱ्या टोकाला आमचं सीट कव्हरचं दुकान. माझा नवरा पुढे गिऱ्हाइकाशी बोलतो, मापं घेतो, कव्हरं बसवतो. मी मागे आडोशाला मशीनवर असते. मला आडोसाच बरा वाटतो. मधल्या पत्र्याचा एक खिळा निघाला होता, त्या भोकातून आप्पांचं अर्धं दुकान दिसायचं. राहिलेलं अर्धं ऐकू यायचं, कारण आप्पांचा आवाज मोठा होता. तो एवढा मोठा का, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्यांच्या पाटीवर लिहिलं होतं, 'इंजिन कॉम्प्युटर ट्यूनिंग, टर्बो गाड्या'. रंगाऱ्यानं 'कॉम्प्युटर' एवढं मोठं काढलं होतं की बाकीचं कुणी वाचायचंच नाही. बाया पोरांचे दाखले काढायला यायच्या. एक म्हातारे बाबा दोनदा येऊन गेले.

"सातबारा निघंल का हितं?"

"सातबारा न्हाई निघायचा, बाबा. ताकद निघंल," आप्पा म्हणायचे.

"कुणाची?"

"गाडीची."

"माझ्याकडं गाडी न्हाई," असं म्हणून बाबा बाकावर बसून आप्पांच्या पैशानं चहा पिऊन जायचे.

आप्पा आधी रांजणगावला एका कारखान्यात होते. तिथं इंजिनं तपासायचं खातं होतं. बंद खोलीत इंजिन दिवसभर पळवायचं आणि यांनी शेजारी उभं राहून आकडे बघायचे. ती नोकरी सुटल्यावर त्यांनी लॅपटॉप घेतला, वायरी घेतल्या, कुठं कुठं जाऊन शिकून आले आणि ही पाटी लावली. वय साठीच्या आसपास. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, आणि गळ्यात चष्म्याची दोरी. शर्टावर ऑइलचा एक डाग मी कधी पाहिला नाही. "आपलं काम डब्याचं हाय, पान्याचं न्हाई," असं ते म्हणायचे.

हा डबा म्हणजे काय, हे आम्हाला एक दिवस चहाच्या वेळी कळलं. माझ्या नवऱ्यानं विचारलं, "आप्पा, तुम्ही वायर लावता, बसता आन् उठता. मधी करता काय वो?"

आप्पा असल्या प्रश्नाची वाटच बघत असायचे.

"हे बघ. इंजिनाला डिझेल पायजे आन् हवा पायजे. डिझेल जळतं, धूर होतो, धूर बाहेर पळतो. पळताना त्यो एक पंखा फिरवतो. त्या पंख्याच्या दांडीला पलीकडून दुसरा पंखा. त्यो बाहेरची हवा वढून इंजिनात कोंबतो. ह्यो झाला टर्बो. हवा जास्त म्हंजी डिझेल जास्त जाळता येतं. आता हवा किती कोंबायची, डिझेल किती सोडायचं, कवा सोडायचं, हे कोण ठरवतं?"

"डायवर," नवरा म्हणाला.

"डायवर नुसता पाय दाबतो. ठरवतो डबा. गाडीचा कॉम्प्युटर. त्याच्यात तक्तं असत्यात, पाढ्यांसारखं. इंजिन एवढं फिरतंय, पाय एवढा दाबलाय, तर हवा एवढी आन् डिझेल एवढं. अशी शेकड्यांनी घरं. मी ती फाईल बाहेर काढतो, काही घरांतले आकडे थोडं वाढवतो आन् परत आत घालतो."

"मग कंपनीनंच का न्हाई वाढवलं?"

"कंपनीला काय ठाऊक गाडी कुठं जाणार? कुणी बर्फात नेतंय, कुणी उन्हात, कुणी भेसळीचं डिझेल भरतंय. म्हणून ती राखून ठेवती."

मी आडोशाला होते. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "माया ठेवतात तसं."

नवऱ्यानं हसून तेच आप्पांना मोठ्यानं परत सांगितलं. आमच्या कामात शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. पुढेमागे कव्हर सैल करायचं झालं तर ती उपयोगी पडते. मला वाटलं, उगीच बोलले.

"हां," आप्पा म्हणाले. "बराबर. माया. मी ती थोडी उसवतो. समदी न्हाई काढायची. समदी काढली तर पहिल्या उठाबशीला टरकतंय."

त्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला आप्पा माया समजावून सांगायला लागले. "आता माझंच एक उदाहरण सांगतो तुम्हाला," अशी सुरुवात करून. मी भोकातून बघायचे आणि मशीन चालू करायचे.

पण माया उसवण्याच्या बाबतीत ते खरंच फार जपून असायचे. पोरं यायची, त्यांना गाडीतून काळा धूर निघायला हवा असायचा. धूर निघाला की गाडी जोरात आहे असं त्यांना वाटायचं.

"धूर म्हंजी काय? जेवण पोटात गेलंच न्हाई, तोंडातून सांडलं," आप्पा म्हणायचे. "सांडायचं आसंल तर माझ्याकडं नगा येऊ." आणि कुठल्याही गाडीची कंपनीची मूळ फाईल ते जपून ठेवायचे. उद्या माणूस म्हणाला, मला होती तशी करून द्या, तर देता आली पाहिजे. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की पहिलं काम ऐकणं, दुसरं काम मूळ फाईल काढून ठेवणं.

फाईल आत घालताना मात्र आप्पा आप्पा राहायचे नाहीत. डब्यात नवी फाईल जात असताना बॅटरीची ताकद जराही कमी झाली तर डबा जागीच मरतो, आणि मग गाडी नुसता लोखंडाचा ढीग. म्हणून ते बॅटरीला चार्जर लावायचे, चहावाल्याला मिक्सर बंद करायला सांगायचे, मला मशीन थांबवायला सांगायचे. आमच्या मशीनचा आणि त्यांच्या डब्याचा काही संबंध नव्हता. तरी सांगायचे. "दार उघडायचं न्हाई, काच खाली करायची न्हाई, लाईट लावायची न्हाई."

एकदा एका सोसायटीचे चेअरमन गाडीतच बसून राहिले होते. एप्रिल महिना, दुपार. काचा वर, एसी बंद. आप्पांनी फाईल सोडली आणि बाहेर उभे राहून हात जोडले. चेअरमन आतून खुणा करत होते. काच ठोकत होते. कडक खादीचा शर्ट बघता बघता अंगाला चिकटला. आप्पा बाहेरून तळहात दाखवून 'थांबा, थांबा' करत होते. शेवटी दार उघडलं तेव्हा चेअरमन आंघोळ करून आल्यासारखे बाहेर पडले.

"आप्पा, जीव गेला आसता माझा."

"तुमचा वाचवता आला आसता, चेअरमन. डब्याचा न्हाई."

एवढं सगळं दुसऱ्यांच्या गाड्या पळवायला करायचे आणि स्वतः मात्र जुन्या स्कूटरवर यायचे. त्यांच्या वेगाबद्दल काय सांगू. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर त्यांना ओलांडून जायचा, आणि ट्रॅक्टरवाला जाता जाता "आप्पा, ट्यूनिंग करा की" म्हणून ओरडायचा. आप्पांना वेगाची भीती वाटायची. भीतीच. दुसरा शब्द नाही. आणि त्यांच्या धंद्यात ती फार अडचणीची होती. कारण फाईल घातली की गाडी रस्त्यावर नेऊन तपासावी लागते. तिसऱ्या गिअरला घालायची, हळू आणायची आणि मग पाय पूर्ण दाबून इंजिन खालून वरपर्यंत एकसारखं ओढू द्यायचं. त्या वेळी लॅपटॉपवर दोन रेघा उमटतात. एक डब्यानं मागितलेल्या हवेची, एक खरोखर आलेल्या हवेची. दोन्ही जोडीनं वर गेल्या तर काम बरोबर.

गाडी गाडीवालाच चालवायचा. आप्पा शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन. पण गाडीवाले पाय नीट दाबायचे नाहीत. कुणी हिसका द्यायचा, कुणी मधेच सोडायचा, कुणी भावकीतला माणूस दिसला की हात करायचा. रेघा वेड्यावाकड्या यायच्या. असं वैतागून आप्पा एकदा आमच्या दुकानात आले आणि आडोशापाशी उभे राहिले. मी एका लांब शिवणीवर होते. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. आमच्या मशीनला मोटर आहे, पायानं पट्टी जेवढी दाबाल तेवढी सुई पळते. एकसारखा पाय दाबला नाही तर टाके लहानमोठे पडतात.

"ताईंना गाडी येती ना?" त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं.

येत होती. नवऱ्यानं आमच्या जुन्या व्हॅनवर शिकवली होती. लायसन होतं, धाडस नव्हतं.

"मला तेवढा पाय पायजे," आप्पा म्हणाले.

मी नको म्हटलं. नवरा म्हणाला, "जा की. कुणाशी बोलावं लागतंय व्हय त्यात?" ते मात्र मला पटलं.

अशी मी आप्पांचा पाय झाले. लोकांच्या मोठमोठ्या गाड्या, ज्यांच्या आत मी एरवी फक्त कव्हरांची मापं घ्यायला वाकले असते, त्या मी पारगावच्या सरळ रस्त्याला चालवायला लागले. रस्ता मोकळा असला तरच, मागेपुढे ट्रॅक्टर नाही बघून. आप्पा म्हणायचे, "दाबा." मी दाबायचे. "दाबा… दाबा…" इंजिन वर चढायला लागलं, टर्बोची बारीक शिट्टी सुरू झाली आणि बाजूचा ऊस मागं पळायला लागला की त्यांचा आवाज बदलायचा. "दाबा… बास, बास, बास." भीमेच्या पुलाआधी एक वळण आहे. ते अजून पुष्कळ लांब असतानाच बास सुरू व्हायचं.

भीतीनं ते सीटचं कव्हर मुठीत धरायचे. दोन गाड्यांची मी नवीन घातलेली शिवण त्यांनी अशी उसवली. शेवटी मी त्यांना रेक्झिनचा एक जाड पट्टा शिवून दिला, दुहेरी टाक्याचा, सीटला बांधायच्या बकलासकट. आप्पा गाडीत बसले की आधी पट्टा बांधायचे, मग लॅपटॉप उघडायचे. गाडीवाले तो पट्टा आदरानं बघायचे. एकानं विचारलं, "हे कशाचं हो?"

"तपासणीचं साधन हाय," आप्पा म्हणाले.

माझ्या तोंडून हसू फुटलं. ते मी खोकल्यात घातलं.

आता फुलवाल्याचं सांगते. पारगावच्या बाजूचा एक शेतकरी, झेंडू आणि शेवंती लावणारा. त्याचा टर्बोचा पिकअप होता. दसरा दोन दिवसांवर आलेला, फुलं तोडून ठेवलेली, आणि गाडीत ओढच राहिली नव्हती. पुण्याच्या बाजारात वेळेवर फुलं पोहोचली नाहीत तर वर्षाचा सण गेला. तो घाबराघुबरा झाला होता.

आप्पांनी हात ठेवला, डोळे मिटले. "ऐकू द्या." मग म्हणाले, "टर्बो आळसावलाय. जागा करू."

त्यांनी फाईल काढली, हवेची मागणी वाढवली, परत घातली. आम्ही फेरी मारून आलो. धूर आणखी काळा. त्यांनी पुन्हा वाढवली. पुन्हा फेरी. दोन रेघांमधलं अंतर वाढत चाललं होतं. मागणी वर, आलेली हवा खाली. आणि मला त्या फेरीत, पाय दाबला की पुढून एक आवाज यायचा. कुकरच्या झाकणाची रिंग खराब झाली की येतो तसा, फुस्स. पाय सोडला की बंद. मी आप्पांकडे बघितलं. ते लॅपटॉपवर डोळे लावून होते. म्हणाले, "आवाज मातूर एकदम मोकळा हाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

त्यांना तो आवाज ऐकू आला नव्हता. टर्बोची शिट्टीही येत नसणार. पुष्कळ गोष्टी एकदम जागेवर बसल्या. एवढं मोठ्यानं बोलणं, त्यांचं माझ्याकडे लक्ष नसताना मी काही बोलले की नुसतं हसून मान हलवणं, बॉनेटवरचा तो तळहात. ते कानानं ऐकत नव्हते. हातानं ऐकत होते. कारखान्यातल्या त्या बंद खोलीनं कान कधीच खाल्ले होते, आणि ते कुणाला कळू नये म्हणून एवढा थाट होता. आप्पांचं सगळं नाव या रस्त्यावर कानाचं होतं. 'त्यांना नुसतं ऐकून कळतं' असं लोक सांगायचे. चहाच्या टपरीवर एकदा जरी कुणी म्हटलं असतं, म्हातारा बहिरा झालाय, तर दुसऱ्या दिवशी कुणी डब्याला हात लावू दिला नसता.

आम्ही परत आलो. फुलवाला आणि त्याच्याबरोबरचे तिघं पुढे झाले. आप्पा म्हणाले, "आणखी थोडी वाढवून बघू."

मला एवढं कळत होतं की हवा कुठून तरी निसटतेय आणि आप्पा टर्बोला आणखी पळवतायत. असं पळवून पळवून तो मोडतो, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं होतं. सांगायला हवं होतं. पण चार पुरुषांसमोर, आप्पांना मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं सांगायचं? सगळ्या शेडला ऐकू गेलं असतं.

माझा नवरा त्या मंडळींना चहाला घेऊन गेला. मीच त्याला डोळ्यांनी खुणावलं होतं. ते गेल्यावर मी आत गेले, जुन्या सीटमधून निघालेल्या कापसाचा एक पुंजका घेतला आणि आप्पांसमोर आले. "जरा रेस करता का?" असं हातानंच सांगितलं. त्यांनी आत बसून इंजिन वाढवलं. बॉनेट उघडंच होतं. मी कापसाचा पुंजका टर्बोकडून येणाऱ्या जाड रबरी पायपाच्या कडेकडेनं फिरवत नेला. क्लिपच्या खाली आल्याबरोबर तो हातातून उडाला आणि खिडकीतून डोकं काढून बघणाऱ्या आप्पांच्या टोपीच्या दिशेनं गेला.

आप्पा खाली उतरले. आले, वाकले, पायपाच्या खालून बोट फिरवलं. बोटभर लांब चीर होती. ते सरळ झाले आणि कापसाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग उगाचच उजवा कान चोळला.

मी मान खाली घालून मशीनवर जाऊन बसले.

मंडळी चहा पिऊन आली तेव्हा आप्पा हातात कापूस घेऊन उभे होते. "फुलवाले, हिकडं या. तुमच्या गाडीचा रोग सापडला." आणि सगळ्यांसमोर कापूस उडवून दाखवला. बाहेरच्या देशात आता असंच तपासतात, असंही सांगितलं. नवा पायप बसला. आप्पांनी आपली फाईल काढून मूळ फाईल परत घातली. फुलवाल्याला म्हणाले, "तुमच्या गाडीला ट्यूनिंग लागतच न्हाई. फुलं घेऊन जावा आधी. माया उसवायची आसंल तर नंतर सवडीनं या."

फुलं बाजारात पोहोचली. दसऱ्याला तो शेडमधल्या तिन्ही दुकानांना हार देऊन गेला.

दसरा झाल्यावर आप्पा सकाळीच आडोशापाशी आले. मोठ्यानंच म्हणाले, "ताई, जरा कापूस द्या." मी दिला. ते गेले नाहीत. मग पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. एवढ्या हळू, की त्यांना स्वतःला ऐकू आलं नसणार.

"किती दिस झालं कळून?"

"त्याच दिवशी," मी म्हटलं. त्यांच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवून.

"बरं," ते म्हणाले, आणि कापूस घेऊन गेले.

त्यानंतर आम्ही ठरवून काही ठरवलं नाही, पण फेरीत काही वेगळा आवाज आला की मी स्टिअरिंगवर एक बोट आपटायचे. फुस्स असलं तर एकदा. खडखड असली तर दोनदा. आप्पा परत आल्यावर बॉनेटवर हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि अचूक सांगायचे. लोक थक्क व्हायचे. मी खाली बघून व्हॅनच्या चाव्या शोधायचे.

त्यांची मुलगी कासुर्डीला दिलेली. ती एक दिवस आली, बापाशी दोन वाक्यं बोलली आणि तिनं सगळं ओळखलं. मुली ओळखतात. त्यांना पुण्याला नेलं आणि कानाला मशीन बसवून आणलं. कानामागे इवलंसं, चिंचोक्याएवढं. आप्पा आठ दिवस शेडकडे फिरकले नाहीत. आले ते भांडायच्या तयारीनंच.

"ताई, त्या दवाखान्यातल्या पोरीनं काय केलं ठाऊक हाय? माझ्या कानाचं मशीन लॅपटॉपला जोडलं. स्क्रीनवर तक्ता. बारीक आवाज एवढा, जाड आवाज एवढा. एकेक वर-खाली करत बसली."

"म्हणजे तुमचंच काम."

"माझंच काम. पण कच्चं. बारीक आवाज एवढं चढवल्यात, ताटात चमचा पडला तर दचकून उठतोय. म्या म्हणलं, पोरी, माया ठेव थोडी. आन् म्या विचारलं, मूळ फाईल ठेवली का? तर म्हणती, आजोबा, मशीन काढलं की मूळच हाय."

बोलता बोलता ते थांबले. आमचं मशीन चालू होतं. ते मशीनकडे बघायला लागले.

"ह्ये आसं वाजतंय व्हय?"

"रोज."

"मग रोज कशी वो बसता?"

मुलीनं त्यांना कासुर्डीला न्यायचं ठरवलं होतं. आता पुरे झालं, असं ती म्हणत होती, आणि ह्या वेळी आप्पा वाद घालत नव्हते. जायच्या आधी एक काम त्यांनी घेतलं. फुलवाला सवडीनं आला होता. त्याच्या पिकअपची माया उसवायची होती, थोडीशी.

ती आमची शेवटची फेरी. पिकअप रिकामा होता, तरी आत झेंडूचा वास भरून राहिलेला. आप्पांनी पट्टा बांधला. लॅपटॉप उघडला. सरळ रस्ता लागला, मागेपुढे कुणी नव्हतं.

"दाबा."

मी तिसऱ्या गिअरला पाय दाबला. एकसारखा. इंजिन खालून भरत आलं आणि शिट्टी सुरू झाली. आधी बारीक, मग वर, आणखी वर. मी त्यांच्या बासची वाट बघत होते. ते आलं नाही. मी कडेनं बघितलं. पट्टा सीटवर तसाच लोंबत होता. आप्पांचा एक हात कानामागच्या मशीनवर होता आणि दुसरा नुसता मांडीवर. लॅपटॉपकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ऊस दोन्हीकडून भराभर मागं जात होता आणि त्यांना त्याचं काही नव्हतं.

पुलाआधीचं वळण दिसायला लागल्यावर मीच पाय काढला. शिट्टी खाली उतरली आणि विझली.

"बास म्हणाला नाहीत," मी म्हटलं.

"ऐकत हुतो," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "रेघा बघायच्या राहिल्या. आणखी एकदा घ्या."

आम्ही वळून आणखी एकदा घेतलं. रेघा त्यांनी त्याही वेळी बघितल्या नाहीत. आणखी एकदा घेतलं. फुलवाला टपरीवर तिसरा चहा पीत बसला होता.

कासुर्डीला ते फार दिवस राहिले नाहीत. गेल्या उसाच्या हंगामात गेले. दुपारी जेवून आडवे झाले, सावकाश, आणि उठलेच नाहीत. त्यांच्या स्कूटरच्या चालीला शोभेल असं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा मुलगी मला म्हणाली, "तुम्हीच का आप्पांचा पाय?" मी हो म्हटलं. तिथं पुष्कळ बाया बसल्या होत्या, तरी मोठ्यानं म्हटलं.

मधला गाळा आता वेल्डिंगवाल्यानं घेतलाय. पाटी अजून तीच आहे, त्यामुळे दाखले काढायला बाया येतात आणि परत जातात. रेक्झिन आणायला पुण्याला जायचं झालं की मी आता एकटीच जाते. आमच्या जुन्या व्हॅनला टर्बो नाही, शिट्टी नाही, ती तिसऱ्या गिअरला नुसती घरघरते. तरी पारगावच्या सरळ रस्त्याला लागले आणि रस्ता मोकळा असला, की मी पाय दाबते. ऊस मागं पळायला लागतो. वळण अजून पुष्कळ लांब असतं, आणि माझा पाय आपोआप वर येतो.